भुऱ्याचे गुडघे, बाराशेचा डबा आणि धानाचा काटा



धान कापून झाला, पुंजणे रचून झाले, आता मळणीच्या मशीनची वाट पाहत बसलो आहे. बसल्या बसल्या लिहितो. मागे तुडतुड्याची पोस्ट टाकली होती, त्या फोटोत माझ्या मागं भुऱ्या उभा दिसला. तं तुडतुडा राह्यला बाजूला आणि दहा-बारा जणांनी एकच विचारलं, "भाऊ, तुमचा कुत्रा मागच्या हिवाळ्यात लंगडत होता, आता बरा चालते. कोणता पावडर देता? डब्याचा फोटो टाका."

डब्याचा फोटो टाकत नाही. काहून टाकत नाही ते सांगतो, थोडं लांबेल.

भुऱ्या अकरा वर्षांचा आहे. गावठीच. रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावर पिल्लू सापडलं, पोरानं उचलून आणलं. आमचं राहणं कुडव्याला, पण सासऱ्याकडची तीन एकर गोरेगाव तालुक्यात नागझिऱ्याच्या अंगाला आहे, तिथं रानडुकरं काय करतात ते त्या बाजूच्या लोकांना सांगायची गरज नाही. आठ हंगाम हा कुत्रा माझ्याबरोबर माचाणीखाली राह्यला. मला झोप लागली तरी त्याला लागत नव्हती. एकदा डुकरानं मांडी फाडली, ती शिवून घेतली, पुढच्या आठवड्यात पुन्हा वावरात. त्याच्या भरवशावर मी किती रात्री झोपलो याचा हिशेब नाही.

दोन वर्षांपूर्वी मागचे पाय धरू लागले. सकाळी उठताना आधी पुढचे पाय टेकवायचा, मग थांबायचा, मग मागचा भाग ओढून वर घ्यायचा. थोडं चाललं की मोकळा व्हायचा. मी म्हटलं म्हातारा झाला, आता पेन्शन. कुडव्याला घरी आणून ठेवला. खरं नुकसान तिथं झालं, पण ते मला तेव्हा कळलं नाही.

मागच्या डिसेंबरात थंडी पडली. विदर्भात थंडीची बातमी आली की गोंदियाचं नाव वरच असते, हे तुम्हाला माहीत आहे. एका सकाळी भुऱ्या उठलाच नाही, नुसता कण्हला. घरात माझ्या कंबरेसाठी आणलेल्या गोळ्या होत्या, डायक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या. आपल्या सगळ्यांच्याच घरी फळीवर असतात. म्हटलं, माणसाला चालते तं कुत्र्याला अर्धी द्यावी. पोळीत घालून सकाळ-संध्याकाळ अर्धी अर्धी दिली. दुसऱ्या दिवशी तो उठून अंगणात आला, मी खूश. घरची म्हणाली, "पाहा, बिमारीची दवा घरातच होती." तिसऱ्या दिवशी खाणं सोडलं. चौथ्या दिवशी उलटी, आणि संडास डांबरासारखी काळी.

डॉक्टर मॅडमनं पाहिलं, मला विचारलं, "काका, काय दिलं याला?" मी आधी काही नाही म्हटलं. लाज वाटली. मग सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण बोलल्या ते ध्यानात राह्यलं: "काळी संडास म्हणजे पोटात रक्त चाललं आहे. कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला ही गोळी सोसत नाही. आयबुप्रोफेनही नाही. अर्धी असो की पाव, घरच्या मनानं द्यायचीच नाही." चार दिवस सलाईन लावली. वाचला. वाचला म्हणून लिहितो आहे, नाहीतर ही गोष्ट मी कोणाला सांगितली नसती.

तेव्हा या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तं ही घ्या. बाकीचं वाचलं नाही तरी चालेल.

आता दुसरी गोष्ट, जी मी तुम्हा-आम्हाला उठता-बसता सांगतो आणि स्वतः विसरलो. पान पिवळं पडलं की आपण लगेच युरिया टाकत नाही, आधी पाहतो की नत्र कमी आहे, की जस्त, की पाणी साचलं, की मुळाला कीड. लंगडणाऱ्या कुत्र्याचंही तसंच. डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, कारण गोचिडापासून येणाऱ्या तापातही कुत्र्याचे सांधे सुजतात आणि तो असाच लंगडतो. आपल्याकडं गोचिडाला काय कमी? त्याची दवा वेगळी, आणि वेळेवर दिली तर कुत्रा उठून पळते. पंजात काटा, वाढलेलं नख, कुठं मोडलेलं हाड, हेही पाहून घेतलं. माझा भाचा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते, त्याच्या ओळखीनं तिथं नेऊन एक्स-रे काढला. मागच्या दोन्ही खुब्यांत आणि एका गुडघ्यात झीज. संधिवात. तो जात नाही, फक्त सांभाळता येते.

त्याच दिवशी डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, "वजन कमी करा." मी मान हलवली आणि विसरलो. वजन कमी करणं ही काही दवा वाटत नाही न जी. त्यात पैसा जात नाही.

मोबाईलवर मात्र जाहिरात दिसली. ग्लुकोसामाईन, कॉन्ड्रॉयटिन, हळद, अजून काय काय. साठ गोळ्यांचा डबा, बाराशे रुपये, रोज दोन. म्हणजे महिन्याला एक डबा. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, तीन डबे दिले. ३६०० रुपये. आणि भुऱ्याला फरक पडला! होळीपर्यंत तो गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागला. मी चार लोकांना डब्याचं नाव सांगितलं, त्यातल्या दोघांनी मागवला पण.

होळीला भाचा आला. डबा उलटून पाह्यला आणि म्हणाला, "मामाजी, तुम्ही बांधीत नवीन टॉनिक मारता तेव्हा काय करता?"

म्हटलं, "बाजूची एक बांधी तशीच सोडतो. नाहीतर टॉनिकनं वाढला की पावसानं वाढला हे कसं समजणार?"

"मग भुऱ्याची बाजूची बांधी कुठी आहे?"

उत्तर नव्हतं. डिसेंबरची थंडी गेली, मार्चचं ऊन आलं. पोटातली जखम भरली. तीन महिने तो आराम करत होता. यातलं कशानं बरं वाटलं, डब्यानं की उन्हानं? संधिवाताचं दुखणं तसंही वर-खाली होते, माझ्याच कंबरेचं पाहा न. आणि आपण डबा कधी आणतो? दुखणं सगळ्यात जास्त असते तेव्हा. त्यानंतर ते उतरणारच असते.

त्यानं मग एक गोष्ट सांगितली ती मला पटली, म्हणून इथं देतो. अमेरिकेत संधिवात झालेल्या ५८ कुत्र्यांना नुसती खोटी गोळी दिली होती, म्हणजे तिच्यात औषध नव्हतंच. कुत्र्याचे पाय जमिनीवर किती जोर देतात हे मशीनच्या पाटीवर मोजलं, आणि मालकालाही विचारलं. मशीन म्हणे फरक नाही, आणि दहातले चार वेळा मालक म्हणे फरक आहे. नुसते मालकच नाही, तपासणारे डॉक्टरही तेवढेच फसले. २०१२ साली हे छापून आलं. म्हणजे डबा कुत्रा खाते आणि बरं आपल्याला वाटते. यात आपण खोटारडे नाही, आपला जीव गुंतलेला असते म्हणून तसं दिसते.

ग्लुकोसामाईन म्हणजे काय, तेही त्यानं सांगितलं. झिंगे-खेकड्यांच्या कवचातून काढतात. कॉन्ड्रॉयटिन जनावरांच्या कुर्च्यातून, म्हणजे सांध्यावरच्या त्या मऊ हाडातून. कल्पना अशी की जे झिजलं तेच खाऊ घाला. ऐकायला बरोबर वाटते. पण कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या विद्यापीठातल्या लोकांनी कुत्र्या-मांजरांवरच्या आतापर्यंतच्या चाचण्या एकत्र करून २०२२ साली निकाल काढला, त्यात या जोडीचा उपयोग दिसला नाही. त्यांनी तं सरळ लिहिलं की ही देणं थांबवा. मच्छीच्या तेलातल्या ओमेगा-३ चा मात्र उपयोग दिसला. काही डॉक्टर अजून ग्लुकोसामाईन लिहून देतात, नुकसान फारसं नाही म्हणून. नुकसान नाही हे खरं, पण बाराशे रुपये हेही नुकसानच आहे.

इथं कृषीवाल्या मंडळींना एक आठवण करून देतो. खताच्या पोत्यावर किती टक्के नत्र, किती स्फुरद हे छापावंच लागते, १९८५ चा खत नियंत्रण आदेश आहे. पण टॉनिकच्या बाटल्यांना कित्येक वर्षं कोणी विचारणारं नव्हतं, ज्याला जे वाटलं ते त्यानं लेबलवर लिहिलं. २०२१ साली कुठं ती जैव-उत्तेजकं त्या आदेशाखाली आली. कुत्र्याचा डबा हातात घेऊन मला तीच जुनी बाटली आठवली. बारा जिनसांची नावं मोठ्या अक्षरात, आणि एका गोळीत कोणती किती मिलिग्रॅम हे कुठंच नाही. ज्याच्यावर प्रमाण नाही ते पोतं तुम्ही धानाला टाकाल का?

आता जवसाची गोष्ट, यात मी तोंडावर पडलो. ओमेगा-३ ऐकलं आणि म्हटलं, हे तं आपल्या घरचंच! दरवर्षी उभ्या धानात ओलीवर जवस आणि लाखोळी फेकतो, उतेरा कोणाला नवीन नाही. जवसाची चटणी करून भाताबरोबर भुऱ्याला देऊ लागलो. चटणीत लसूण होता. भाचा ओरडलाच, लसूण-कांदा कुत्र्याच्या रक्ताला वाईट. बरं, लसूण काढला, नुसता भाजलेला जवस दिला. तं म्हणाला, जवसातला ओमेगा वेगळा आणि सांध्याला लागते तो वेगळा. जवसातला कुत्र्याच्या अंगात जाऊन बदलावा लागते, आणि फार थोडा बदलते. मच्छीतला मात्र तयार असते. जवस आपण खावा, विकावा, कुत्र्याला त्याचा फायदा नाही.

मग बोडीतली मच्छी? ती मीच विचारलं. रोहू-कतला चांगलीच, पण त्यात ते तेल समुद्राच्या बांगडा-तारलीपेक्षा कमी. वाळवलेल्या मच्छीत मीठ भरपूर. म्हणून शेवटी कॅप्सूल. इथंही लेबल वाचा: १००० मिलिग्रॅमची कॅप्सूल म्हणून विकतात, पण मागं बारीक अक्षरात ईपीए १८० आणि डीएचए १२० लिहिलं असते. म्हणजे खरा माल ३०० मिलिग्रॅम, बाकी साधं तेल. डॉक्टरांनी भुऱ्याच्या वजनावर हिशेब केला तेव्हा दिवसाला सात कॅप्सूल आल्या. एक कॅप्सूल देऊन "मच्छीचं तेल पण देऊन पाह्यलं, काही झालं नाही" म्हणणारे बहुत आहेत. एकदम सात द्यायच्या नाहीत, पातळ होते. एकापासून चढवत नेल्या. आणि कॉड लिव्हर ऑईल वेगळं, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व असते, ते इतक्या प्रमाणात दिलं तं विष होते. दुकानात दोन्ही बाजूबाजूला असतात, नाव नीट पाहून घ्या.

हळदीबद्दल विचारतील म्हणून सांगतो. चिमूटभर भातात घातली तं बिघडत नाही, मीही घालतो. पण हळदीतलं जे औषध म्हणतात ते पोटातून अंगात फार कमी उतरते. शेजारच्या आजी मोहाच्या टोळीच्या तेलानं रोज त्याची मांडी चोळून देतात. त्याला ते आवडते, डोळे मिटून पडते. दवा म्हणा की लाड म्हणा, मी थांबवलं नाही.

आता वजन. इथं माझा कसूर मोठा. वावरात होता तेव्हा रात्रभर फिरायचा, एक वेळ खायचा. घरी आणला आणि गोंदिया म्हणजे तांदळाचं गाव, कनकीला काय तोटा? सकाळी कनकीचा भात, दुपारी पेज, रात्री उरलेलं सगळं, शेजाऱ्यांकडचं वेगळं, लग्नसराईत तं विचारू नका. पोरगा धानाचे कट्टे मोजत होता, म्हटलं ठेव याला काट्यावर. बसेना. मग मी त्याला उचलून काट्यावर उभा राह्यलो आणि माझं वजन वजा केलं. २७ किलो! गावठी कुत्र्याला २७ किलो म्हणजे पाठीवर पाच किलोचं पोतं बांधून चालणं, तेही झिजलेल्या खुब्यांवर.

वजनाचा पुरावा डब्यासारखा हवेतला नाही. अमेरिकेतच ४८ लॅब्राडोर कुत्री पिल्लापासून मरेपर्यंत पाळून पाह्यली. एकाच वेतातल्या जोड्या, एकाला जेवढं तेवढं खाणं, दुसऱ्याला त्याच्या पाऊण. ही खरी बाजूची बांधी. पाऊण खाणारी कुत्री सरासरी पावणेदोन-दोन वर्षं जास्त जगली, आणि त्यांचे सांधे उशिरा बिघडले. फुकटची दवा, आणि नेमकी तीच आपल्याला देववत नाही. कुत्रा ताटाकडं पाहते, आपला हात जाते.

एप्रिलपासून आम्ही पेज बंद केली. भात अर्धा, त्यात दुधी-भोपळा उकडून, आठवड्यातून तीन-चारदा अंडं किंवा काटे काढलेली मच्छी. घरच्या मंडळींना पटवायला दोन महिने लागले, शेजाऱ्यांना अजून पटलं नाही. दर पंधरवड्याला काटा. महिन्याला पाऊण किलोच्या आसपास उतरलं, घाई केली नाही. हात लावून पाहायची खूणही सोपी आहे: हात सपाट पसरून त्याच्या मागच्या बाजूच्या हाडांवरून बोट फिरवा, बरगड्या तशा हाताला लागल्या पाहिजेत. दिसू नये, पण लागल्या पाहिजेत.

दुसरं, फरशी. नवीन घरात टाईल्स लावल्या, त्यावर त्याचे मागचे पाय फाकत होते. रोज दहा वेळा घसरणं म्हणजे रोज दहा वेळा सांधा ओढणं. बारदाना अंथरला, काम झालं. रात्री झोपायला तणसाचा जाड थर, वर पोतं. सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं चालणं, पळणं नाही. आराम म्हणून बांधून ठेवला तं मांडीचं मांस उतरते आणि सांध्यावर अजून भार येते, हे डॉक्टरांचं सांगणं.

दुखणं फारच वाढलं तर डॉक्टर मेलॉक्सिकॅम लिहून देतात, मोजून, रक्त तपासून, आणि दुसरी दुखण्याची गोळी किंवा स्टेरॉईड सोबत न देता. जुलैच्या झडीत आठ दिवस दिली. ते औषध आहे, पण ते डॉक्टरच्या हातानं.

आणि हे लिहिताना माझ्या घरातल्या त्या गोळीचं नाव पुन्हा आठवते. डायक्लोफिनॅक. आमच्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की गिधाडं उतरायची, तासा-दोन तासांत हाडं साफ. मग आम्हीच बैल बसला की त्याची सुई टोचू लागलो, स्वस्त होती, बैल उभा राहायचा. मेलेल्या बैलाच्या मांसातून ती गिधाडाच्या किडनीत गेली. २००६ साली जनावरांसाठी तिच्यावर बंदी आली, तोवर पाठ पांढरी असलेली ती गिधाडं हजारात जेमतेम एक उरली होती. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकही बंद झाले. माणसाच्या मोठ्या बाटलीतून जनावराला भरायचे म्हणून २०१५ मध्ये ती बाटलीही ३ मिलिलिटरवर आणली. मेलॉक्सिकॅम गिधाडाला सोसते. तरी एखादा अजून म्हणतोच, "ती जुनी सुई द्या जी, लवकर उठते." बैल असो, कुत्रा असो, लवकर उठवायची घाई आपल्याला असते.

एकानं मागच्या पोस्टखाली लिहिलं, माणसाच्या गुडघ्याला पैसा नाही आणि हे कुत्र्याला मच्छीचं तेल पाजतात. बरोबर आहे भाऊ, धानाचा भाव पाहता राग येणारच. पण मी जे सांगतो त्यात बारदाना, तणस, अर्धा भात आणि काटा, यात किती पैसा गेला? पैसा तं डब्यात गेला, आणि माझ्या गोळीनंतरच्या सलाईनमध्ये गेला. तेल परवडत नसेल तं सोडा, आधी वजन उतरवा. आणि आठ हंगाम ज्यानं माझे धान राखले त्याच्यासाठी चार पैसे गेले तं मला त्याचा हिशेब द्यावा वाटत नाही.

आता फरक मोजायचं. यावेळी डोळ्यावर भरवसा ठेवला नाही. फाटकापासून हातपंपापर्यंत तो किती वेळात जातो ते दर रविवारी सकाळी मोबाईलच्या घड्याळावर पाहतो आणि धानाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहितो. एप्रिलात ५२ सेकंद होते. ऑक्टोबरच्या शेवटी ३१. वजन २२ किलो. तेल जूनपासून सुरू केलं, तं त्यातला किती वाटा तेलाचा आणि किती वजनाचा हे मी सांगू शकत नाही, इथंही बाजूची बांधी नाहीच. आणि ऑक्टोबर उबदार असते. खरी परीक्षा आता डिसेंबरात, मागच्या वर्षी तो उठला नव्हता त्या दिवसांत.

परवा पुंजण्यावर ताडपत्री टाकायला गेलो तं मागून आला, स्वतःहून, आणि पुंजण्याच्या उबेला जाऊन पडला. मशीनवाला गुरुवारी येतो म्हणते. त्या गडबडीत रविवारचा काटा राहायला नको, पोराला सांगून ठेवलं आहे.